पहिल्या चौकटीतला हात

मामाजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर मला आता भिंतीवरच्या फोटोकडे पाहावं लागतं. डावा हात मात्र कुठेही न पाहता आठवतो. अंगठ्याच्या मुळाशी औषधांनी पडलेले तपकिरी डाग, फुगलेली एक शीर, काळ्या पडलेल्या नखांच्या कडा आणि मनगटापर्यंत दाट लव. त्या हाताबद्दल तुमच्याशी बोलायचं राहून गेलं. राहून गेलं हेही खोटंच, मी बोलले नाही. भ्याले. मी मुळातच भित्री, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लग्न लावून तुम्ही सासरचे सगळे मला उमरेडहून छोट्या गाडीनं नागपूरला आणत होता. इंजिनानं शिट्टी मारली आणि मी अशी दचकले की मांडीवरची ओटी सगळी खाली सांडली. डबाभर माणसं हसली. तुम्ही वाकून नारळ उचलून दिलात आणि आमच्या ह्यांना म्हणालात, "हसून काय राहिला गा? तिले अंधाराचं भेव आहे का ते विचार पहिले. आपल्या घरचं अर्धं काम अंधारात चालते."

नागपूरच्या महाल भागातलं ते घर म्हणजे पुढे फोटोचा स्टुडिओ, मध्ये अंगण, अंगणाच्या कडेला तुमची अंधारी खोली, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. हे सकाळी डबा घेऊन रेल्वेच्या कचेरीत जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. दिवसभर घरात तुम्ही आणि मी. पहिले दोन महिने मी तुमच्यासमोर तोंडातून ब्र काढला नाही. मग एक दिवस चहा घेऊन खोलीच्या दाराशी उभी राहिले. तुम्ही दोन ओले फोटो उजेडाकडे धरून स्वतःशीच कुरकुरत होता, आणि माझ्याकडे न पाहताच विचारलंत, "यातला पांढरा कोणता वं, सूनबाई?" मी म्हटलं, दोन्ही पांढरे नाहीत, एक निळीत घातलेला आहे आणि एक ताकाच्या रंगाचा आहे. विणकराच्या घरची पोर मी. वडिलांनी सुताच्या लडी उन्हात धरून पांढऱ्यातले पांढरे ओळखायला शिकवलेले, त्यात माझं कौतुक काहीच नव्हतं. तुम्ही मात्र चहा हातात घेऊन बघतच राहिलात. दुसऱ्या दिवसापासून मी फिल्म धुवायला लागले. लोक बोललेच. सासरा आणि सून एका अंधाऱ्या खोलीत काय करतात म्हणे! तुम्ही खोलीचं दारच काढून टाकलंत, तिथे एकामागे एक असे दोन जाड काळे पडदे लावलेत, आणि बोलणाऱ्यांना म्हणालात, "या न तुम्हीबी आत. त्या हायपो औषधाचा वास घ्या घंटाभर." कोणी आलं नाही.

तुमची उजेड मोजायची रीत साऱ्या शहरात एकट्या तुमचीच असावी. फिल्मच्या डब्यात एक छापील कागद यायचा, ऊन असेल तर इतकं, ढग असतील तर इतकं, सावलीत इतकं. तो वाचून तुम्ही हसायचात. "हा कागद लिहिणाऱ्यानं वैशाखातलं नागपूर पाह्यलंच नाही. त्याच्या गावचं ऊन म्हणजे आपल्या गावची सावली." कोणी म्हणायचं नुसत्या डोळ्यानं अंदाज घ्यावा, तर तुमचं म्हणणं की डोळा लबाड आहे, पाच मिनिटं सावलीत बसवला की सावलीलाच ऊन म्हणायला लागतो. तुमचं माप म्हणजे डावा हात. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या गालाशेजारी तुम्ही हाताची पाठ धरायचात. तळवा नाही. तळवे सगळ्यांचेच गोरे, पाठ मात्र चेहऱ्याच्या रंगाची असते. मग डोळे बारीक करून अंगठ्याच्या मुळाशी पाहायचं. लव केस न् केस सुटी दिसली तर एक म्हणेपर्यंत भिंग उघडं ठेवायचं, लव दिसेना पण शीर दिसली तर तीन मोजायचे, आणि शीरही दिसेना, नुसता हात दिसला, तर सहा. बाहेर उन्हातल्या कामाला तेच गणित कॅमेऱ्याच्या कळीला लावायचं. गुंडाळीच्या फिल्मवर आठ फोटो निघायचे, त्यातली पहिली चौकट तुम्ही गिऱ्हाइकाला देत नव्हता. तिच्यात तुमचाच हात, त्याच जागी, त्याच उजेडात. लाल कंदिलाखाली फिल्म दोन्ही टोकांनी धरून औषधात वर-खाली करायची, आधी हात उमटायचा, हातावरची शीर नीट दिसली की फिल्म बाहेर. "चेहरे परक्याचे असते वं, कोण किती काळा, कोण किती गोरा, आपल्याले काय माहीत. हात आपला आहे. तो फसवत नाही." हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला सुमार नाही.

शिमग्याच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला चार वर्षं झालेली, लेक वर्षाची. इतवारीतल्या एका घरच्या बारशाची फिल्म आहे. लाल उजेडात मी ती वर-खाली करते आहे, तुम्ही बाहेर अंगणात लेकीला कडेवर घेऊन कावळा दाखवता आहात, तुमचं "काव काव" मला पडद्याआडून ऐकू येतं. हात उमटतो, आणि अंगठ्याच्या मुळाशी एक काळा ठिपका, तिळाएवढा. फिल्मवर सगळं उलटं, काळं दिसतं ते खरं तर फिकट असतं. मला वाटलं औषधाचा थेंब उडाला असेल. संध्याकाळी तुम्हाला वाढताना मी हळूच पाहिलं, तपकिरी डागांच्या गर्दीत काहीच दिसलं नाही, आणि मी ते विसरूनही गेले. पुढच्या फिल्मवर ठिपका पुन्हा त्याच जागी. थेंब काही दोनदा एकाच जागी उडत नाही. देवीचे वण, वांग, असलं काही डोळ्याला दिसतं त्याच्या दुप्पट फिल्मला दिसतं, म्हणून बायकांचे फोटो पेन्सिलीनं सुधारावे लागतात, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. हा डाग फिल्मवर नव्हता, हातावर होता.

मग पोळ्याच्या आधी एका दुपारी, तुम्ही आडवे झाल्यावर, मी फिल्मांचा पत्र्याचा डबा काढला. सगळ्या पट्ट्या ओळीनं लावलेल्या असायच्या, ती तुमची शिस्त. अंगणातल्या उजेडाकडे एकेक धरली. शिमग्याच्या पट्टीवर डाग तिळाएवढा. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढा. आषाढातल्या पट्टीवर तुरीएवढा, आणि चार दिवसांमागच्या पट्टीवर हरभऱ्याएवढा, कडा नीट कातरल्यासारख्या, आणि त्या डागाच्या आत लवेची एक रेघ नाही. अवं माय! मी तिथेच ओट्यावर बसले. उमरेडला आमच्या गल्लीत एक रंगारी होता. त्याच्या दंडावर असाच बिनकेसांचा डाग पडला होता, मग एकदा त्यानं चुलीवरचं तापलेलं पातेलं हातानं उचललं आणि त्याला कळलंच नाही. पुढे त्याला गावाबाहेर झोपडी बांधून दिली. त्याची बायको एका दगडावर भाकरी ठेवून मागे सरायची आणि तो येऊन घेऊन जायचा. माझी आई आम्हाला त्या बाजूला पाहूही द्यायची नाही. रगतपिती, म्हणजे महारोग, हा शब्द आमच्या घरी मोठ्यानं बोलत नसत. त्या दुपारी मीही तो मनात धड उच्चारला नाही. डबा बंद केला आणि आधी जाऊन लेकीला पाळण्यातून उचललं, झोपली होती तरी उचललं, आणि तिचं अंग न् अंग उलटून पाहिलं.

इकडे तुमचे फोटो बिघडायला लागले होते. श्रावणापासून एकेक फिल्म जळून येत होती, चेहरे पिठासारखे, नाक कुठे नि डोळे कुठे पत्ता नाही. तुम्ही आधी फिल्मवाल्या कंपनीला शिव्या घातल्या, मग विहिरीच्या पाण्याला, मग मला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही ओरडलात, "तू फिल्म जास्त वेळ ठेवून राहिली औषधात. लक्ष कुठं असते तुझं? लेकरू झालं म्हणून काम सोडायचं काय?" इतक्या वर्षांत तुम्ही मला एवढंच एकदा बोललात. मी मान खाली घालून म्हटलं, चुकलं मामाजी. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. तुम्हाला कळत नव्हतं ते मला कळलं होतं. तुम्ही अंगठ्याच्या मुळाशी लव शोधत होता, तिथे ती उरलीच नव्हती. लव दिसत नाही म्हणजे उजेड कमी, असं धरून तुम्ही एकाच्या जागी तीन मोजत होता. तुमचं माप खरंच होतं हो, हात बदलला होता. पण चूक माझी ठरली तर हाताकडे कोणी पाहणार नव्हतं.

मग तुम्ही खापर डोळ्यांवर फोडलंत. सीताबर्डीवर जाऊन चष्मा करून आणलात. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी जात्यावर बसले होते. नवा चष्मा लावून तुम्ही अंगणाच्या मधोमध उभे राहिलात, डावा हात उन्हात धरलात, इकडे वळवलात, तिकडे वळवलात. मग म्हणालात, "शीर दिसते, सूनबाई. नखाची कोर दिसते. लवच दिसत नाही वं. म्हातारपणी झडत असन?" मामाजी, तुम्ही मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी जात्याचा खुंटा घट्ट धरला आणि म्हटलं, "हाव, झडत असन." तुम्ही मान डोलावलीत आणि चष्मा पुसत आत गेलात.

काहून नाही सांगितलं, असं मी मला हजार वेळा विचारलं आहे. सुनेनं सासऱ्याला, तुमच्या अंगावर हे उठलं आहे, असं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? आमच्या ह्यांना सांगावं तर ते रातोरात मला आणि लेकीला उमरेडला नेऊन टाकतील, आणि मग गल्लीला कळेल, विहिरीवर आमची बादली वेगळी होईल, स्टुडिओची पायरी कोणी चढणार नाही. लेक मोठी झाल्यावर तिला कोण करून घेईल? हे सगळं मी रोज भाकरी थापताना डोळ्यांपुढे पाहत होते. या रोगावर सुया निघाल्या आहेत, लवकर दाखवलं तर गुण येतो, हे मी तेव्हाही ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण दाखवायला नेलं की लोकांना कळणार, आणि कळण्याची मला रोगापेक्षा जास्त भीती होती.

दिवाळीच्या साफसफाईत मी तो डबा पुन्हा काढला. शिमग्यापासूनच्या सगळ्या फिल्मांची पहिली चौकट कात्रीनं कापली आणि चुलीत टाकली. फिल्म अशी भडकते मला ठाऊक नव्हतं. भुर्रकन ज्वाळ वर आली, माझ्या पदराला लागता लागता राहिली. तुम्ही ओसरीवरून विचारलंत, काय जळून राहिलं? मी म्हटलं, कापूर सांडला.

आणि त्याच आठवड्यात फोटोचं सामान विकणारा एक फिरता एजंट आला, काट्याची डबी घेऊन. तळहातावर मावेल एवढी, समोर जाळीची काच, उजेडाकडे धरली की आपोआप काटा हलतो आणि किती मोजायचं ते आकडा सांगतो. वर्षभरापूर्वी अशीच डबी तुम्ही दारातून परत पाठवली होती. या वेळी मी मध्ये बोलले. बाहेरच्या माणसासमोर बोलले. "घ्या न मामाजी. हात बुढा होते, काटा नाही होत." तुमचा चेहरा पडला. तुम्ही एजंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबी घेतली. तुम्हाला वाटलं असेल, सून नव्या जमान्याची आहे, तिला आपल्या हातावर विश्वास उरला नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की तुमचा हात पुन्हा कधी चौकटीत येऊ नये.

तेही साधलं नाही. तुळशीचं लग्न झालं आणि पहिलंच काम काटोलचं निघालं, संत्र्याच्या बागाईतदाराच्या घरचं लग्न. मांडवाबाहेर शंभर-दीडशे माणसं, सगळ्यांची पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. तुम्ही डबी समोर धरलीत, काट्यानं सांगितलं ते इमानदारीनं केलंत. धोतरं सुरेख आली, चेहरे कोळशासारखे. व्याही ओळखू येईना आणि जावईही. त्या लोकांनी तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. मला वाटलं तुम्ही डबी विहिरीत फेकणार. तुम्ही दोन दिवस ती घेऊन अंगणात बसलात. धुतलेल्या पंचावर धरून पाहिलीत, कोळशाच्या टोपलीवर धरून पाहिलीत. मग मला हाक मारलीत, डोळे चमकत होते तुमचे. "सापडलं वं! ही डबी लय भोळी आहे. पांढरं दिसलं की म्हणते लय उजेड, काळं दिसलं की म्हणते अंधार. तिले काय पाहायचं ते आपण सांगा लागते." आणि तुम्ही डावा हात पुढे केलात, हाताची पाठ डबीसमोर धरलीत. "इथं पाहाय म्हणा. चेहऱ्याचा रंग इथं आहे." झालं. हात परत आला, डबीसमोरही आणि पहिल्या चौकटीतही. तुम्ही इतके खूश होता.

त्या काटोलवाल्यांनी राग शांत झाल्यावर संत्र्यांची टोपली पाठवली होती. तुम्ही ओसरीवर बसून सोलायचात, फोडीवरची पांढरी साल काढायचात, बी काढायचात आणि लेकीच्या तोंडात घालायचात. डाव्या हातानं. ती चिमणीसारखा आ करायची. एक दिवस मी धावत आले आणि तिला तुमच्या मांडीवरून ओढूनच घेतलं. तोंडातली फोडसुद्धा बोट घालून काढली. "तिले खोकला आहे, मामाजी." पोरगी ठणठणीत, खोकल्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या दिवशी पोट, चौथ्या दिवशी अजून काही. तुम्ही सोललेलं संत्रं हातात तसंच धरून बसायचात आणि मग स्वतः खायचात.

पौषातल्या थंडीत औषध गार पडलं की फिल्म उमटायला वेळ लागतो, म्हणून आपण अंधाऱ्या खोलीत शेगडी ठेवायचो. त्या सकाळी तुम्ही ट्रे गरम करत होता, मी फिल्म धरून उभी होते. कोळसा तडकला आणि एक निखारा उडून तुमच्या डाव्या हातावर पडला. तुम्ही बोलतच होता, डबीबद्दल काहीतरी. निखारा हातावर, आणि तुम्ही बोलता आहात. मग वास आला. "मामाजी, हात!" मी किंचाळले. तुम्ही खाली पाहिलं, निखारा झटकलात. लाल उजेडात तुम्ही उजव्या हाताच्या नखानं त्या जागी टोचून पाहिलं, एकदा, मग जोरात, मग अजून जोरात. फिल्म माझ्या हातातून सुटून ट्रेमध्ये पडली होती. तुम्ही मान वर केलीत ती माझ्या चेहऱ्याकडे. उभं आयुष्य चेहरे वाचण्यात गेलेलं तुमचं. "घाबरली तू," तुम्ही म्हणालात, "पण नवल नाही वाटलं तुले. तुले माहीत होतं."  मला रडू फुटलं. तुम्ही दोन पावलं मागे सरलात, पडद्यापर्यंत, आणि म्हणालात, "लेकराले घे. डॉक्टरकडे जाऊ. पहिले तिले दाखवू."

टांग्यात तुम्ही पुढे टांगेवाल्याशेजारी बसलात, थंडीत, आणि मला मागे बसवलंत. दवाखान्यात डॉक्टरांनी खरंच आधी लेकीला तपासलं. एक पीस घेऊन तिच्या गालावरून, हातांवरून, पाठीवरून फिरवलं. पीस लागेल तिथे पोरगी खिदळायची, तिसऱ्या वेळेला तर तिनं पीसच पकडलं. माझ्या जिवात जीव आला. मग तुम्हाला. तुम्ही डोळे मिटून बसलात आणि पीस अंगठ्याच्या मुळाशी फिरत होतं तेव्हा तुम्ही विचारलंत, "सुरू केलं का, डॉक्टरसाहेब?"

नंतर डॉक्टरांनी विचारलं, डाग कधीपासून आहे, नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं ठरतं. तुम्ही म्हणालात, "मले नाही दिसला. माही सून पाहते फिल्म, तिले विचारा." आणि माझ्याकडे वळलात. डॉक्टरही वळले. मी म्हटलं, "दिवाळीपासून." दहा महिन्यांचे मी दोन केले. डॉक्टर म्हणाले, मग लवकरच आलात म्हणायचं, आणि कागदावर लिहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होता. परतीच्या वाटेवर जुम्मा तलावापाशी टांगा थांबला, घोडा पाणी पीत होता, तेव्हा तुम्ही मागे न वळता म्हणालात, "सूनबाई, फिल्मची पहिली चौकट कापायची नसते. ती गिऱ्हाइकाची नाही, आपली असते. उद्यापासून तिच्यात हात तुझा ठेव." बस, एवढंच. चौकटी कापलेल्या फिल्मांचा तो डबा तुम्ही कधी उघडून पाहिला होतात, कोणास ठाऊक. त्या दिवशी संध्याकाळी काट्याची डबी चामड्याच्या खोळीसकट माझ्या देवळीत ठेवलेली होती.

पुढची सहा वर्षं तुम्ही दर आठवड्याला स्वतःच दवाखान्यात जाऊन कडू तेलाच्या सुया टोचून घेऊन यायचात. बाहेर संधिवात म्हणून सांगितलं, आणि आमचे हेही तेच म्हणत राहिले. मागच्या दोनांतली पुढची खोली एकट्या तुमची झाली. तुमचं ताट तुम्ही घासायचात, मला हात लावू देत नव्हता. लेकीला त्यानंतर कधी कडेवर घेतलं नाहीत. संत्र्यांच्या दिवसांत ओसरीच्या एका टोकाला बसून तुम्ही न सोललेलं संत्रं फरशीवरून घरंगळत तिच्याकडे सोडायचात, ती ओरडत धावायची, परत लोटायची, तुम्ही पायानं थांबवायचात. तिला तो खेळच वाटायचा. अजून वाटतो. आजोबा माझ्याशी संत्र्यानं चेंडू खेळायचे, असं ती तिच्या मुलांना सांगते.  तुमची डावी करंगळी आधी वाकली, मग तिच्या शेजारचं बोट. दहा महिने आधी सुया सुरू झाल्या असत्या तर ती सरळ राहिली असती का, हे मी एका डॉक्टरला विचारलंही होतं, दुसऱ्याच कोणाचं नाव घेऊन. ते म्हणाले, बहुतेक राहिली असती. आता तर म्हणे नुसत्या गोळ्यांनी बरं होतं, आणि संत्र्याची फोड भरवल्यानं कोणाला काही होत नसतं.

स्टुडिओ मी चालवला, बायकाच जास्त यायच्या. डबी अजून चालते, काटा थोडा अडखळतो. पांढरं दिसलं की अजून भुलते, म्हणून मी तिला माझ्या हाताची पाठ दाखवते. तुम्ही सांगितलं तसं पहिल्या चौकटीत हातही ठेवते, इतक्या वर्षांत एकही फिल्म हाताशिवाय गेली नाही, आणि एकही चौकट मी कापली नाही. डबे भरलेत सगळे, ओळीनं. पण मामाजी, तुमच्याशी आता काय लपवायचं, मी अजून तीच भित्री, त्यातली माझ्या हाताची एकही चौकट मी पाहिलेली नाही. फिल्म औषधातून वर काढताना पहिल्या चौकटीवर अंगठा ठेवते, आणि दुसरीपासून पाहते.